काडी लावण्याआधी

हिवाळ्यात सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातून किंवा उपनगरातून फेरी मारली, तर धुराचे चार-पाच वेगवेगळे वास सहज ओळखू येतात. बंबाखालच्या लाकडांचा, झाडलोट करून कोपऱ्यात पेटवलेल्या पाल्याचा, वॉचमनच्या शेकोटीत घातलेल्या पुठ्ठ्याचा, आणि या सगळ्यांत मिसळलेला, घसा खवखवायला लावणारा जळक्या प्लास्टिकचा. हा शेवटचा वास इतका अंगवळणी पडला आहे, की खिडकी लावून घेण्यापलीकडे त्याची दखल घेतली जात नाही.

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट आधी कारखान्यांच्या चिमण्यांकडे जाते, मग वाहनांकडे, बांधकामांच्या धुळीकडे. ते योग्यच आहे. पण त्या यादीत एक धूर असा आहे, जो थांबवण्यासाठी कुठल्या मंत्रालयाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. तो म्हणजे घरातला, सोसायटीतला, गल्लीतला कचरा पेटवल्याने होणारा धूर. काडीपेटी हिसकावून घेतल्याने मात्र तो थांबत नाही. सुरुवात स्वयंपाकघरातल्या डब्यापासून करावी लागते, कारण जाळला जातो तो मुख्यतः मिसळलेला कचरा. स्वच्छ रद्दी, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, पत्र्याचे डबे सहसा कुणी पेटवत नाही. त्यांना घेणारा भंगारवाला असतो. भाजीच्या सालींत लडबडलेल्या कागदाला आणि प्लास्टिकला कुणीच वाली नसतो.

उघड्यावर पेटवलेला कचरा नीट जळतही नाही, तो धुमसतो. ओल्या सालींमुळे आग थंड राहते, ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. यांतले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजेच पीएम २.५, सर्वांत धोकादायक. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणांच्या आकाराचा अंदाज यावा. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दम्याइतकाच हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशीही त्यांचा संबंध आहे. हवेत या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. भारताची स्वतःची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. ती बरीच सैल असूनही मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, चंद्रपूर अशी राज्यातली अनेक शहरे हवेची मानके न पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय यादीत गेली.

प्लास्टिकची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या चपला, वायरींची आवरणे, पाइपांचे तुकडे, रेक्झिन यांत पीव्हीसी असते आणि पीव्हीसीमध्ये क्लोरिन. ते कमी तापमानाला, साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात, धुमसले की डायॉक्सिन नावाची विषारी संयुगे तयार होतात. त्यांतल्या सर्वांत घातक प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. डायॉक्सिन धुराबरोबर विरून जात नाही. ते मातीवर, गवतावर बसते, चरबीत साठते आणि जनावराच्या दुधातून, कोंबडीच्या अंड्यातून परत माणसाच्या ताटात येते. सिमेंटच्या भट्टीत निरुपयोगी प्लास्टिक जाळले जाते तेव्हा तिथे चौदाशे अंशांहून जास्त तापमान असते आणि धूर गाळण्याची यंत्रणाही असते. अंगणातल्या आगीत यांपैकी काहीच नसते. म्हणूनच बंब पेटवताना लाकूड लवकर लागावे म्हणून खाली सारलेली एक पिशवी किंवा टायरचा तुकडा किरकोळ समजू नये. जो बंबाजवळ बसतो त्याच्याच छातीत तो धूर पहिल्यांदा जातो, आणि घरोघरी ही व्यक्ती बहुधा बाई असते किंवा शेकायला बसलेले मूल.

उरलेली राख झाडांना घालण्याचीही पद्धत आहे. शुद्ध लाकडाची राख असेल तर ठीक. पण रंगीत छपाई, प्लास्टिक, बॅटऱ्या जळून झालेल्या राखेत शिसे, कॅडमियमसारखे धातू मागे राहतात. ती राख अळवाच्या किंवा कोथिंबिरीच्या वाफ्यात पसरू नये.

हिवाळ्यात त्रास वाढतो, त्यालाही कारण आहे. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धूर घेऊन जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यावरची हवा गार आणि जड होते आणि वर तुलनेने उबदार थर झाकणासारखा बसतो. धूर खालीच कोंडतो. चार माणसांच्या शेकोटीचा धूर मग सगळ्या गल्लीत सकाळी नऊ-दहापर्यंत रेंगाळतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जाळलेला एक किलो कचरा पावसाळ्यातल्या एका किलोपेक्षा शेजाऱ्यांना कितीतरी महाग पडतो.

हा प्रश्न गल्लीपुरताही राहत नाही. मिसळलेला कचरा घंटागाडीत गेला, तरी तो पुढे कुठेतरी साचतोच. मुंबईचे देवनार डंपिंग ग्राऊंड १९२७ पासून कचरा पोटात घेत आहे. ढिगाखाली दबलेले अन्न हवेवाचून सडते, त्यातून ज्वलनशील मिथेन वायू तयार होतो आणि वर प्लास्टिक-चिंध्यांचे इंधन असतेच. २०१६ च्या जानेवारीअखेर तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि मार्चमध्ये डेपो पुन्हा पेटला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहराला आपला कचरा कित्येक दिवस आपल्याच रस्त्यांवर पाहावा लागला. त्या गावांचा राग रास्त होता. शहरातल्या माणसाने जे ओल्यासुक्यासकट एका पिशवीत गाठ मारून दिले, त्याचेच विहिरींत उतरणारे काळे पाणी आणि छातीत जाणारा धूर ती गावे सोसत होती.

मग करायचे काय? पहिले काम म्हणजे आपल्या परिसरात कचरा कोण जाळतो आणि का, हे समजून घेणे. ओरडण्याआधी विचारावे. रात्रपाळीचा वॉचमन थंडीमुळे जाळतो. झाडूवाल्या ताई पाला पेटवतात, कारण मुकादमाने रस्ता आठच्या आत साफ मागितलेला असतो आणि पाला उचलायला गाडी येत नाही. रिकाम्या प्लॉटवरचा ढीग जळतो, कारण घंटागाडी तिथे आठवड्यातून एकदाच फिरकते आणि लोकांना घाण नकोशी होते. भंगार गोळा करणारा एखादा मुलगा वायरी जाळतो, कारण आतल्या तांब्याला भाव असतो. या चौघांना एकच पाटी दाखवून उपयोग नाही. वॉचमनला सोसायटीने जाड स्वेटर, कानटोपी आणि केबिनमध्ये विजेचा हीटर द्यावा. दिल्लीत हिवाळ्यातल्या प्रदूषण आराखड्यात रहिवासी संघटनांना हेच सांगितले जाते. ताईंसाठी पाला टाकायची जागा करून द्यावी. प्लॉटसाठी पालिकेच्या आरोग्य निरीक्षकांकडे गाडीच्या फेऱ्या वाढवून मागाव्यात. वायरी आणि बिघडलेली यंत्रे अधिकृत ई-कचरा संकलकालाच द्यावीत, म्हणजे त्या जाळण्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

दुसरे काम घरातले. शहरी भारतातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो. तो बाजूला काढला की उरलेल्याला वास येत नाही, माश्या बसत नाहीत आणि तो जाळून टाकण्याची घाईही कुणाला वाटत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे वेगळेपण घराच्या पातळीवर बंधनकारक केले. त्यात सॅनिटरी कचऱ्याचे चौथे पुडके जोडावे. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल रंगाचा ठळक ठिपका काढावा. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा लाल ठिपक्याचा आग्रह धरला, कारण वर्गीकरण करणाऱ्या बायकांना प्रत्येक पुडके उघडून पाहावे लागत होते. ‘स्वच्छ’ ज्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’तून उभी राहिली, ती संघटना १९९३ ची. शहराचा सुका कचरा पुन्हा कारखान्यांपर्यंत नेणारी साखळी या बायकांच्या हातांवर चालते, हे लक्षात ठेवून डबा भरावा. फुटलेली काच, ब्लेड, सुया उघड्या टाकू नयेत. जाड कागदात गुंडाळून तसे वर लिहावे.

सुक्या कचऱ्याबाबत एक-दोन सवयी पुरतात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, चिकटलेलाच ठेवावा. तो कपटा इतका लहान असतो की कुणी उचलत नाही, गटारात जातो किंवा पाल्याबरोबर जळतो. पिशवी विसळून दोरीवर वाळत टाकावी. वेफर्स, बिस्किटे, शाम्पूच्या पुड्या यांची गोष्ट अवघड आहे. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने भंगारवाला त्या घेत नाही आणि नेमक्या त्याच उकिरड्यावर सर्वांत जास्त दिसतात. त्या वेगळ्या पिशवीत महिनाभर साठवून पालिकेच्या सुका कचरा केंद्रात द्याव्यात, आणि खरेदी करतानाच दहा पुड्यांऐवजी एक मोठी बाटली घ्यावी.

ओल्या कचऱ्याचे खत घरच्या घरी होते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वीस लिटरची जुनी बादली घ्यावी, तळाला आणि बाजूंना भोके पाडावीत, खाली ताट ठेवावे. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर रोजच्या साली, देठे, चहाचा चोथा, उरलेसुरले अन्न बारीक करून टाकावे आणि दर वेळी त्याच्या दुपटीने वाळका, चुरगळलेला पाला पसरावा. सुरुवातीला विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुने कंपोस्ट पुरते. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करावे, कारण जिवाणूंना हवा लागते. हवा मिळाली नाही की दुर्गंधी सुटते. बहुतेक घरांतला प्रयोग इथेच, पहिल्या पंधरवड्यात बंद पडतो, आणि तेवढ्यासाठी तो सोडणे खरोखर दुर्दैवाचे आहे, कारण इलाज सोपा असतो. वास आला तर ओल जास्त झाली; पाला किंवा कोकोपीट वाढवावे. मुंग्या लागल्या तर कोरडे झाले, पाणी शिंपडावे. चिलटे आणि अळ्या दिसल्या तर वरचा थर उघडा राहिला आहे. तो झाकावा, थोडी निंबोळी पेंड टाकावी. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल बरोबर. मोठी हाडे, भरपूर तेल आणि दूध यात टाकू नये. बादली भरली की दुसरी सुरू करावी. दीड-दोन महिन्यांत पहिलीतून पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येऊ लागतो. चाळून घ्यावे, चाळणीवर उरलेले पुढच्या बादलीत टाकावे.

या पद्धतीत पाल्याला किती मोल आहे, हे आता ध्यानात आले असेल. जो पाला जाळला जातो, त्याचीच ओल्या कचऱ्याला गरज असते. भाजीच्या सालींत नायट्रोजन जास्त आणि वाळक्या पानांत कार्बन. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आले तरच खत बिनवासाचे होते. तरीही जानेवारी ते मार्च या पानगळीच्या दिवसांत हजारो पोती पाला एका काडीने संपवला जातो. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राउन लीफ’ नावाचा नागरिकांचा गट नेमके हेच अंतर जोडतो आहे: ज्याच्याकडे पाला जास्त झाला त्याची पोती ज्याला बागेसाठी पाला हवा आहे त्याच्याकडे पोहोचवायची. असा गट कोणत्याही शहरात एका व्हॉट्सॲप समूहावर उभा राहू शकतो. सोसायटीत जागा असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गोल उभी करावी, तीन-चार फूट व्यासाची. पाला आत टाकावा, पाणी मारावे, शेणाचे पाणी किंवा ताक शिंपडावे, अधूनमधून पायाने दाबावे. जाळी भरली असे वाटते आणि आठवड्याने पाहावे तर पाला निम्म्यावर बसलेला असतो. हे पाहिले की सोसायटीतल्या शंकेखोरांचा आवाज आपोआप खाली येतो. काहीच करायचे नसेल तरी झाडाच्या बुंध्याभोवती पाल्याचे आच्छादन करावे. उन्हाळ्यात ओल टिकते आणि पाणी कमी लागते.

गावाकडे जागेची अडचण नाही, शेण आहे, उकिरड्याची परंपरा आहे. बिघडले ते उकिरड्यात प्लास्टिक शिरल्यापासून. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ टाकी आजही गावासाठी उत्तम उपाय आहे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली. काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर रचून वरून लिंपले, की साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते आणि शेणही फार थोडे लागते. ग्रामपंचायतींना मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी राखीव वाटा होता. आपल्या गावात तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारणे हा ग्रामस्थांचा हक्क आहे.

उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर पेटवल्या जाणाऱ्या पाचटाचाही इथेच उल्लेख करायला हवा. हेक्टरी साडेसात ते दहा टन सेंद्रिय माल त्या आगीत जातो. पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे. खोडव्याला त्याचा फायदा मिळतो.

आता सगळ्यांत नाजूक भाग, इतरांना सोबत घेण्याचा. व्याख्यानाने फार थोडे बदलते. डोळ्यांनी पाहिलेले लोकांना पटते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा डेपोचीच अशी जागा केली, की लोक ती पाहायला येऊ लागले. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, त्यावर वीज, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यांत वापर. त्यावेळचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत काम केले. तिथल्या वर्गीकरणाच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये आधारवाडीच्या जुन्या डेपोवर कचरा टाकणे थांबले. वेंगुर्ल्याला एक सहल काढणे सोसायटीच्या दहा सभांपेक्षा अधिक कामाचे ठरेल.

घरातली आणि वस्तीतली निमित्ते हुकवू नयेत. संक्रांतीचे हळदीकुंकू नेमके धुराच्या ऋतूत येते. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी कापडी पिशवी किंवा स्वतः तयार केलेले खत द्यावे. बचत गटाच्या बैठकीत बंबातल्या प्लास्टिकचा विषय बायकांनीच बायकांशी काढावा. गणेशोत्सवात मंडळांनी निर्माल्य पिशवीतून बाहेर काढून कलशात घ्यावे आणि थर्माकोल व जरीचे हार आधीच नाकारावेत. होळीला वर्गणी मागायला आलेल्या मुलांना पैसे देतानाच सांगावे, टायर आणि प्लास्टिक होळीत जाणार नाही. ही मुले ऐकतात, विशेषतः कारण सांगितले तर.

आणि जिथे सांगून भागत नाही तिथे कायदा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. किरकोळ जाळण्यासाठी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. तक्रार करताना जागेचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि जवळची खूण द्यावी, क्षेत्रीय कार्यालयाचा तक्रार क्रमांक घ्यावा आणि एकट्याने न करता चार घरांच्या सह्या घ्याव्यात. तक्रार झाडूवाल्या ताईंच्या नावाने न करता व्यवस्थेच्या नावाने करावी: ‘अमुक रस्त्यावर पाला उचलायला वाहन येत नाही, त्यामुळे तो जाळला जातो.’ पहिल्या पद्धतीत एका गरीब बाईची मजुरी कापली जाते आणि धूर तसाच राहतो. दुसऱ्या पद्धतीत गाडी येण्याची शक्यता असते.

धूर आजच घरात येत असेल आणि घरात दम्याचा रुग्ण, वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर असेल तर सकाळचे फिरणे दुपारकडे ढकलावे, बाहेर पडावेच लागले तर एन-९५ मास्क लावावा. साधा रुमाल या कणांना रोखत नाही. मात्र केंद्र दोन-चार किलोमीटर लांब असेल, तर आपल्या खिडकीखालची शेकोटी त्या आकड्यात दिसणार नाही. तिथे नाकावर विश्वास ठेवावा, खाली उतरावे आणि वॉचमनला स्वेटर मिळाला आहे का, ते आधी विचारावे.